आवाज वाढला, पण ताकद किती वाढली?

नवा सायलेन्सर बसवून गॅरेजमधून बाहेर पडलेल्या तरुणाला ‘काय फरक पडला?’ असं विचारलं, तर उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. ‘गाडी एकदम मोकळी झाली. पिकअप वाढला.’ त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा असतो आणि खिशातून गेलेले पैसेही खरे असतात. पिकअप खरोखर वाढला का, हे मात्र कुणी मोजलेलं नसतं.

दवाखान्यात हा अनुभव रोजचा आहे. साध्या सर्दी-तापाला ‘सलाईन लावा’ असा आग्रह धरणारे रुग्ण महाराष्ट्राच्या प्रत्येक तालुक्यात भेटतात. सलाईनमध्ये बहुधा मीठ-पाणी किंवा साखर-पाणी असतं. तरीही बाटली संपेपर्यंत रुग्णाला तरतरी येते. बाटली दिसते, सुई टोचते, थेंब मोजता येतात, त्यामुळे काहीतरी मोठं घडतंय अशी मनाची खात्री पटते. वैद्यकशास्त्रात याला प्लासिबो परिणाम म्हणतात. गाडीच्या बाबतीत सलाईनच्या बाटलीचं काम आवाज करतो. ॲक्सिलरेटर तेवढाच दाबलेला असतो, पण कानाला जास्त ऐकू येतं आणि मेंदू त्याचा अर्थ जास्त वेग असा लावतो. शिवाय पैसे मोजलेले असल्यामुळे फरक जाणवलाच पाहिजे अशी मनाची तयारीही झालेली असते.

म्हणून या सगळ्या प्रकाराकडे औषधाकडे पाहतात तसंच पाहायला हवं. परिणाम किती, दुष्परिणाम कोणते आणि ते कुणाला भोगावे लागतात, हे तीन प्रश्न विचारायला हवेत.

इंजिनचा श्वास

इंजिन श्वास घेतं आणि सोडतं. हवा आणि इंधन आत येतं, दाबलं जातं, पेटतं आणि जळलेला वायू बाहेर टाकला जातो. हा वायू पूर्ण बाहेर गेला नाही तर पुढच्या खेपेला ताज्या हवेला जागा कमी पडते. दम्याच्या रुग्णाचं हेच होतं. बघणाऱ्याला वाटतं की त्याला श्वास घेता येत नाही, पण त्याची खरी अडचण श्वास सोडण्याची असते. जुनी हवा छातीत अडकून राहते, म्हणून नवी आत शिरत नाही. एक्झॉस्ट मोकळा केला की इंजिनाची ताकद वाढते, या समजुतीमागचं शास्त्र एवढ्यापुरतं बरोबर आहे. रेसिंगच्या गाड्यांचे इंजिनियर एक्झॉस्टवर एवढी मेहनत घेतात ती उगाच नव्हे.

गफलत पुढे होते. ‘जेवढा पाइप रुंद, तेवढी ताकद जास्त’ असा सरळ हिशेब गॅरेजमध्ये मांडला जातो. त्याच्या उलट ‘इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच’ असं म्हणणारेही असतात. दोन्ही म्हणणी अर्धवट आहेत. मागून येणाऱ्या दाबाचा इंजिनाला काहीही उपयोग नसतो. उपयोग असतो तो वायूच्या वेगाचा आणि दाबाच्या लहरींच्या अचूक वेळेचा.

एक्झॉस्टची झडप उघडली की दाबाची एक लहर पाइपमधून धावत सुटते. त्या तापलेल्या वायूत तिचा वेग सेकंदाला सुमारे ५०० ते ६०० मीटर असतो. पाइप जिथे मोकळा होतो किंवा एकदम रुंदावतो, तिथून ती परत फिरते, पण उलट रूप घेऊन, म्हणजे कमी दाबाची लहर होऊन. ही लहर झडप बंद होण्याच्या बेतात असताना पोहोचली तर उरलासुरला जळका वायू ओढून घेते आणि ताज्या हवेला आत यायला मदत करते. वेळ चुकली तर ही मदत मिळत नाही, काही वेळा उलट अडथळाच होतो.

पाइपची लांबी ठरलेली असते, म्हणून लहरीला जाऊन परत यायला लागणारा वेळही जवळजवळ ठरलेला असतो. समजा तो ३ मिलिसेकंद आहे. मिनिटाला ६००० फेऱ्यांच्या गतीला तेवढ्या वेळात इंजिन जवळपास एक तृतीयांश फेरी फिरतं. २००० फेऱ्यांच्या गतीला फक्त एक दशांश. म्हणजे जो पाइप वरच्या गतीला नेमकी मदत करतो, तोच खालच्या गतीला वेळ चुकवतो. सगळ्या गतींना सारखाच लाभ देणारा साधा पाइप नसतो. एका ठिकाणी मिळवायचं तर दुसऱ्या ठिकाणी काहीतरी सोडावं लागतं.

माणसाच्या रोहिण्यांतही हेच भौतिकशास्त्र चालतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर निघालेली नाडीची लहर शरीराच्या टोकांकडून परत फिरते. तरुणपणी रोहिण्या लवचीक असतात, त्यामुळे ही लहर सावकाश येते आणि हृदय विसावलेलं असताना पोहोचते. तेव्हा ती हृदयाच्या स्वतःच्या रक्तपुरवठ्याला हातभार लावते. वय आणि रक्तदाबामुळे रोहिण्या ताठरल्या की तीच लहर लवकर परततेय, हृदय रक्त ढकलत असतानाच येऊन धडकते आणि त्याचा भार वाढवते. लहर तीच असते, फक्त तिची वेळ बदललेली असते.

टॉर्क कमी, पॉवर जास्त

टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला १० किलो वजन टांगलं तर नटवर सुमारे ९८ न्यूटन-मीटर टॉर्क पडतो. पॉवर म्हणजे हा जोर किती वेगाने लावला जातो त्याचं माप. न्यूटन-मीटरला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं आणि ९५४९ ने भागायचं की किलोवॉट मिळतात.

रस्त्यावर दिसणाऱ्या १२०० सीसीच्या साध्या पेट्रोल गाडीचं उदाहरण घेऊ. ४२०० फेऱ्यांना ११३ न्यूटन-मीटर टॉर्क असेल तर पॉवर सुमारे ५० किलोवॉट होते. ६००० फेऱ्यांना टॉर्क घसरून ९७ वर आला तरी पॉवर ६१ किलोवॉट, म्हणजे सुमारे ८२ हॉर्सपॉवर होते. जोर कमी झाला, पण फेऱ्या वाढल्या म्हणून पॉवर वाढली. जाहिरातीतले ‘एवढे हॉर्सपॉवर वाढतील’ हे आकडे बहुतेक वेळा या वरच्या टोकाचे असतात. शहरात गाडी चालते ती १५०० ते ३००० फेऱ्यांच्या दरम्यान. सिग्नलवरून निघताना, कात्रज किंवा कसाऱ्याच्या घाटात ट्रकमागे रखडताना पायाला जो जोर जाणवतो तो तिथला टॉर्क असतो. गरजेपेक्षा रुंद पाइप टाकला की वायूचा वेग मंदावतो आणि नेमका हाच खालचा टॉर्क कमी होऊ शकतो. कधीही न वापरायच्या टोकावर चार आणे कमवायचे आणि रोजच्या वापरातले आठ आणे घालवायचे, असा तो व्यवहार होतो.

टर्बो नसलेल्या साध्या गाडीत फक्त मागचा मफलर बदलून फार तर दोन-तीन टक्के हाती लागतात, अनेकदा काहीच लागत नाही. कारण मूळ कंपनीच्या इंजिनियरांनी तिथे फारसं काही वाया घालवलेलं नसतं. तीन टक्के धरले तरी ८२ हॉर्सपॉवरच्या गाडीत अडीच हॉर्सपॉवर होतात. माणसासह हजार किलो भरणाऱ्या गाडीच्या डिकीतून ३० किलो सामान उतरवलं तर पिकअपमध्ये जवळपास तेवढाच फरक पडतो, तोही फुकट.

टर्बो इंजिनाचं गणित वेगळं आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. टर्बोचं पातं एक्झॉस्टच्या वायूवरच फिरतं. त्याच्या पुढचा मार्ग मोकळा केला तर ते लवकर वेग घेतं आणि सोबत इंजिनच्या संगणकाचं मॅपिंग बदललं तर टॉर्कमध्ये ठळक वाढ दिसते. त्या वाढीचा मोठा वाटा मात्र मॅपिंगचा असतो. मूळ गिअरबॉक्स, क्लच आणि इंजिन हा वाढीव जोर किती काळ सोसतील याची हमी कुणीच देत नाही, आणि कंपनीची वॉरंटीही धोक्यात येते. आणखी एक अपवाद आहे. जुन्या गाडीचा एक्झॉस्ट काजळीने किंवा तुटलेल्या जाळीने खरोखर तुंबला असेल तर तो बदलल्यावर गाडी मोकळी होते. पण तो दुरुस्तीचा परिणाम झाला. तुंबलेलं नाक मोकळं झाल्यावर बरं वाटतं, म्हणून नाक कापून मोठं करायला कुणी निघत नाही.

आवाजात ताकद किती?

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण इथे आकड्यांनीही खरी ठरते. पाइपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर १०० डेसिबल इतका कर्कश आवाज येत असेल, तर त्या आवाजातली एकूण शक्ती एका वॉटच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते. घरातला झिरोचा दिवा याहून कितीतरी जास्त वीज खातो. ६१,००० वॉटच्या इंजिनासमोर हे काहीच नाही. मग सायलेन्सर काढल्याने आवाजाच्या रूपात ‘अडकलेली’ ताकद मोकळी होते, या कल्पनेला आधार उरत नाही.

शक्ती एवढी क्षुल्लक असली तरी कानासाठी ती भरपूर असते. आंतरकर्णातल्या प्रत्येक शंखकृती नळीत सुमारे १५,००० केसपेशी असतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. कामाच्या ठिकाणच्या आवाजाबद्दल वापरला जाणारा एक अंगठेबाज नियम असा आहे: ८५ डेसिबल आठ तास चालतो, त्यानंतर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं मिळतात. चारचाकीच्या आत आवाज एवढा नसतो, पण तिथे वेगळा त्रास होतो. चार सिलिंडरचं इंजिन ३००० फेऱ्यांना सेकंदाला १०० स्फोट करतं. ही १०० हर्ट्झची जाड घुमणारी धून बंद केबिनमध्ये कोंडते. तासभराच्या प्रवासात डोकं जड होतं, चालक थकतो आणि मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा सायरन त्याला उशिरा ऐकू येतो.

रस्त्यावरच्या लोकांनी तर काहीच विकत घेतलेलं नसतं. झोपलेल्या माणसाचे कान बंद नसतात. रात्री मोठा आवाज झाला की जाग आली नाही तरी नाडीचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, ताणाची संप्रेरकं स्रवतात. सकाळी त्या माणसाला काहीच आठवत नाही, पण शरीराने किंमत मोजलेली असते. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं तर हृदयविकाराचा धोका वाढतो, असं आजवरच्या अभ्यासांवरून दिसतं. याच आधारावर जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये वाहतुकीचा आवाज रात्री सरासरी ४५ डेसिबलच्या खाली ठेवण्याची शिफारस केली. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतही निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ आणि शांतता क्षेत्रात ४० डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो.

सरकारी रुग्णालयं बहुधा शहराच्या मधोमध आणि मोठ्या रस्त्याला लागून असतात. वॉर्डाच्या खिडक्या उघड्या असतात, कारण तिथे एसी नसतो. रात्री दोन वाजता चौकात एखादी गाडी फटाके फोडत जाते तेव्हा हृदयविकाराचा झटका येऊन दोन दिवस झालेला रुग्ण दचकतो. नुकतीच झोप लागलेली बाळंतीण उठते. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांच्या कक्षात आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असं बालरोगतज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. तिथे परिचारिका हळू बोलतात आणि कपाटाचं दारही जपून लावतात. रस्त्यावरचा एक ॲक्सिलरेटर त्या सगळ्या काळजीवर पाणी फिरवतो.

जे दिसत नाही, ऐकू येत नाही

आवाजापेक्षाही मोठा दुष्परिणाम कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढण्याचा आहे. गॅरेजच्या भाषेत ‘कॅट उडवणं’. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर दिलेली ही जाळी इंजिनातून आलेल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड करते, न जळलेलं इंधन जाळते आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडचं पुन्हा नायट्रोजनमध्ये रूपांतर करते. मुंबईसह चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना ती सक्तीची झाली. ती चालावी म्हणून आधी शिशाविरहित पेट्रोल आणावं लागलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकं लागू झाली. एवढ्या वर्षांचं आणि हजारो कोटींचं हे काम दुपारच्या एका तासात, एका कटरने पुसता येतं.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं ही लक्षणं गाडी लागल्यासारखीच वाटतात, म्हणून कुणाला संशय येत नाही. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटरही इथे फसतो. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं आणि तो ९८ टक्के दाखवत राहतो. घाईत केलेलं वेल्डिंग, सैल फ्लँज आणि तळाला गंजलेलं भोक एवढं जुळून आलं की हा वायू मागच्या सीटवर पोहोचू शकतो. मागच्या सीटवर बहुतेक वेळा लहान मुलं झोपलेली असतात. ज्या गाडीचा एक्झॉस्ट उघडून पुन्हा जोडला आहे, तिच्यात प्रवासात एकापेक्षा जास्त जणांचं डोकं दुखू लागलं तर आधी काचा उघडाव्यात, गाडी थांबवावी, सगळ्यांनी बाहेर यावं आणि बरं वाटत नसेल तर रुग्णालय गाठावं. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये, हे तर कुठल्याही गाडीला लागू आहे.

डिझेल गाडीची काजळी धरणारी गाळणी काढणंही तेवढंच गंभीर आहे. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात टाकलं. शाळेच्या फाटकाबाहेर उभं असलेलं मूल नेमकं त्या पाइपच्या उंचीवर श्वास घेत असतं.

मग करायचं काय?

गाडीवर प्रेम असणं हा आजार नाही. आपली गाडी इतरांपेक्षा वेगळी दिसावी, तिचा आवाज भरदार यावा असं विशी-पंचविशीत वाटणं स्वाभाविक आहे. या वाटण्याला हिणवून काही साध्य होत नाही. पण मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही सवय लावता येते. हृदयाची क्षमता पाहायला ट्रेडमिलवर ताण चाचणी करतात, तशीच गाडीची चाचणी डायनोवर होते. विकणाऱ्याकडे बदलाआधीचा आणि नंतरचा आलेख मागावा. गाडी तीच, डायनो तोच, हवेचं तापमान जवळपास तेच, आणि दोन्ही वेळा किमान तीन-तीन धावा. एकाच गाडीच्या दोन धावांतही टक्का-दोन टक्क्यांचा फरक पडतो, त्यामुळे एका धावेवर केलेल्या दाव्याला अर्थ नसतो. आलेख हातात आल्यावर त्याचं टोक बघण्याआधी १५०० ते ३००० फेऱ्यांमधली टॉर्कची रेघ पाहावी. ती खाली गेली असेल तर पैसे देऊन गाडी मंद केली, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग केल्यास कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवाना गमावण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत छापून येतात. ती पाहायला बरी वाटतात, पण रोग तिथे संपत नाही. जप्त झालेल्या सायलेन्सरच्या जागी दुसऱ्या आठवड्यात नवा बसतो, कारण तो विकणारं दुकान आणि बसवणारं गॅरेज उघडंच असतं. डेंग्यूच्या साथीत फक्त ताप आलेल्यांवर उपचार करून भागत नाही, डासांची पैदास थांबवावी लागते. इथेही कारवाईचा रोख विक्रेत्याकडे वळायला हवा. पीयूसीच्या तपासणीत आवाज मोजला जात नाही. तो मोजायला सुरुवात केली आणि कन्व्हर्टर जागेवर आहे की नाही हे खाली वाकून पाहिलं, तरी बरंच काही बदलेल. आणि ज्यांना खरोखर वेग आणि आवाज हवा आहे त्यांच्यासाठी कोइमतूर आणि चेन्नईसारखे ट्रॅक महाराष्ट्रातही हवेत. पोरांना मैदान दिलं नाही तर ती रस्त्यावर खेळणारच.

तोवर नवा सायलेन्सर पसंत करणाऱ्याने पैसे मोजण्याआधी एक साधा प्रयोग करावा. डिकी रिकामी करावी, टायरमधली हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे भरावी, एअर फिल्टर साफ करावा आणि ओळखीच्या घाटात एक फेरी मारावी. गाडी हलकी झाल्याचं पायाला जाणवेल. त्यासाठी रात्री दोन वाजता रुग्णालयाच्या वॉर्डातल्या कुणालाही दचकून उठावं लागणार नाही.